शिवराक वाराचा हिशेब

कोरगाव, पालये, हरमल या बाजूस कोणाच्या घरी दुपारच्या वेळी अवचित जाण्याचा प्रसंग आला, तर यजमानीण पाण्याचा तांब्या पुढे ठेवून पहिला प्रश्न विचारते तो हा : “आज तुमचो शिवराक वार न्हय मूं?” प्रश्न साधा आदरातिथ्याचा आहे. चुलीवर हुमण उकळत असेल तर पाहुण्यासाठी वेगळे तोंडाक करावे लागेल, एवढाच त्या माउलीचा हेतू. परंतु या एका प्रश्नात आमच्या मुलखाची सबंध आहारनीती सामावलेली आहे. इतर प्रांतांत माणसे विभागलेली असतात. कोणी शाकाहारी, कोणी मांसाहारी. आमच्याकडे विभागलेले आहेत ते वार. एकच मनुष्य रविवारी बांगड्याचे उडदामेथी मिटक्या मारीत खातो आणि सोमवारी सुक्या सुंगटांचा वासही अंगणाबाहेर ठेवतो. आणि यात त्याला स्वतःला किंवा त्याच्या शेजाऱ्याला कसलाही विरोध दिसत नाही.

‘शिवराक’ हा शब्द काही अभ्यासक जैनांच्या ‘श्रावक’ या शब्दाशी जोडतात. डिचोली तालुक्यात कुडणे येथे जैन बसदीचे अवशेष अजून उभे आहेत, हे पाहता ही व्युत्पत्ती अगदीच हवेतली वाटत नाही. श्रावकाचा आजन्म धर्म आमच्याकडे येऊन सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, आणि सबंध श्रावणमास एवढ्यावर स्थिरावला. ही घसरण म्हणावी की समजूतदार तडजोड म्हणावी, हा वाद जुना आहे आणि त्यात शिरण्याची आमची इच्छा नाही. आम्हांस आज वेगळाच प्रश्न पडला आहे. अलीकडे जगभरचे शास्त्रज्ञ सांगू लागले आहेत की, मनुष्यजातीने मांस कमी खाल्ले तर पृथ्वीचा ताप काही अंशी उतरेल. हे ऐकून आमच्यापैकी पुष्कळांची छाती फुगते : पाहा, आमच्या पूर्वजांनी हे आधीच सांगून ठेवले होते! ती छाती फुगण्याजोगी आहे काय, हे एकदा हिशेब मांडून पाहावे म्हणून हा लेख.

जगाचा हिशेब आधी थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ सालच्या अहवालानुसार मनुष्याच्या व्यवहारातून जे उष्णताधारक वायू वातावरणात जातात, त्यांपैकी १४.५ टक्के पशुपालनातून येतात. याच संघटनेने २०२३ साली हा वाटा सुमारे १२ टक्के धरला. २०१८ साली जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या दोघा संशोधकांनी ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून जो ताळेबंद मांडला, त्यात असे दिसले की जगातील ८३ टक्के शेतजमीन जनावरांच्या चाऱ्याला, चराईला आणि पदार्थांना गुंतलेली आहे आणि तिच्यातून माणसाला मिळतात त्याच्या एकूण उष्मांकांपैकी अवघे १८ टक्के व प्रथिनांपैकी ३७ टक्के. शंभर ग्रॅम प्रथिने मिळवायची तर मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या मांसापोटी सरासरी ५० किलो कर्बवायूइतका भार हवेवर पडतो, कोंबडीपोटी ५.७ किलो, आणि कडधान्यांपोटी एका किलोहूनही कमी. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो व त्यातून मिथेन वायू निघतो, हे या तफावतीचे एक मोठे कारण. मिथेन हवेत बारा-एक वर्षे टिकतो, पण तेवढ्या मुदतीत कर्बवायूच्या कित्येक पटींनी ऊन धरून ठेवतो. म्हणून तो आज कमी केला तर फळ आमच्या नातवंडांना नव्हे, आम्हांलाच दिसेल, असे त्या विद्येतील जाणकार सांगतात.

हे आकडे वाचून आमच्या मंदिर-परिवारातील वाचक म्हणतील, ‘हा सारा दोष अमेरिकेचा, गोमांस आमच्या स्वयंपाकघरात येत नाही, मग आमचा यात संबंध काय?’ या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेत दर माणशी वर्षाला शंभर किलोहून अधिक मांस खपते; भारतात ते दहा किलोंच्याही आत आहे. मांस कमी करा, हा उपदेश ज्याच्या ताटात ते डोंगराएवढे आहे त्याला प्रथम केला पाहिजे. आठवड्यातून एकदा कोंबडी आणणाऱ्या कोरगावच्या मजुराला तो करणे हा निव्वळ उद्धटपणा होईल. तरीही ‘दोष दुसऱ्याचा’ एवढ्यावर हिशेबाची वही मिटण्याची घाई आम्ही करीत नाही, कारण ती वही उघडी ठेवल्यावर आमच्याही नावे काही रकमा निघाल्या.

त्यांतली पहिली रक्कम निघाली ती, आश्चर्य असे की, सोमवारीच. एका सोमवारी आम्ही सहकुटुंब श्रीदेव कमळेश्वराच्या दर्शनास गेलो होतो. परतताना उशीर झाला, मुले भुकेली झाली, म्हणून वाटेतल्या एका खाणावळीत बसलो. शिवराक वार म्हणून आम्ही निःशंकपणे पनीरचे दोन पदार्थ, वर लोण्याने माखलेल्या रोट्या आणि शेवटी आइस्क्रीम मागविले. शेजारच्या मेजावर एक गृहस्थ तारल्यांचे तिखले आणि उकड्या तांदळाचा भात खात होते. आमच्या मुलाने त्यांच्याकडे पाहून हळूच म्हटले, “त्यांका सोमार ना?” त्या वेळी आम्ही हसलो. घरी आल्यावर मात्र हिशेब करून पाहिला आणि हसू मावळले.

एक किलो पनीर करायला पाच-सहा लिटर दूध लागते. उपर्युक्त ताळेबंदात चीजपासून मिळणाऱ्या शंभर ग्रॅम प्रथिनांवर सरासरी ११ किलोंचा भार पडतो, म्हणजे कोंबडीच्या जवळजवळ दुप्पट. आणि पनीर हे दुधाचेच गोठवलेले सार असल्यामुळे त्याचा हिशेब याहून फारसा निराळा असण्याचे कारण नाही. उलट आमच्याकडील जनावर दूध थोडे देते, त्यामुळे दर लिटरमागे त्याच्या मिथेनचा बोजा परदेशी गाईपेक्षा अधिकच भरतो. याच्या उलट, किनाऱ्याजवळ थव्याने फिरणारी तारली-बांगड्यांसारखी लहान मासळी ही प्राणिज अन्नांत हवेला सर्वांत कमी जड पडणाऱ्यांपैकी आहे; कोंबडीहूनही कमी. याचा अर्थ असा की त्या दिवशी, निदान हवेच्या न्यायासनापुढे, शेजारचे गृहस्थ आमच्यापेक्षा निर्दोष होते. शिवराक आम्ही होतो, शिक्षापात्रही आम्हीच.

भारत आज जगातील सर्वांत मोठा दूध-उत्पादक देश आहे. २०२२-२३ साली देशात सुमारे २३ कोटी टन दूध निघाले. २०१९ च्या पशुगणनेत गाई-म्हशींची संख्या तीस कोटींवर भरली. या दुधाने कोट्यवधी लहान शेतकऱ्यांच्या घरात रोख पैसा येतो, हे आम्ही विसरत नाही. परंतु दुधासाठी गाय दर वर्षा-दीड वर्षाला व्यायली पाहिजे, आणि व्यालेल्यांपैकी निम्मे पाडे असतात. नांगराला आता बैल लागत नाही, तिथे पॉवर टिलर आला आहे. त्या पाड्याचे पुढे काय होते, हा प्रश्न दुधाचा पेला हाती धरणारा सहसा विचारीत नाही. आम्हीही कधी विचारला नव्हता.

येथे आमच्या आजीच्या पिढीचे शिवराक जेवण आठवते, आणि त्यातले एक सत्य आता ध्यानी येते : त्या ताटात दूधदुभते जवळजवळ नव्हतेच. खतखते, मुगागाठी, आळसांद्यांचे तोंडाक, कुळथाचे पिठले, दाळीतोय, काही आंबट फळे, वरून सोलांची कढी. दाटपणा येई तो नारळाच्या रसाने. तूप असे ते वरणभातावरच्या थेंबापुरते, आणि दूध देवाच्या पंचामृतापुरते. शिवराक म्हणजे पनीर, हे समीकरण हॉटेलांबरोबर आले. ते आमच्या परंपरेचे नव्हे. पेडण्याच्या वायंगण शेतांत आणि भात कापल्यावर ओल धरून राहणाऱ्या मळ्यांत आळसांदे होतात. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतील जंतू हवेतला नत्र जमिनीत उतरवतात, त्यामुळे पुढच्या पिकाला युरिया कमी लागतो. आणि युरिया तयार होतो तो नैसर्गिक वायू वापरून. म्हणजे ज्या ताटात आळसांद्यांची वाटी आहे, ते ताट जमिनीचे थोडे देणे फेडून उठते. मात्र या गोष्टीचाही डंका पिटू नये. कारण आजीने आळसांदे शिजवले ते परवडत होते म्हणून. पृथ्वीचा विचार तिने केला असेल असे आम्हांस वाटत नाही.

आता कोंबडीकडे वळू. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आमच्या खाण्यात झालेला सर्वांत मोठा बदल कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही ब्रॉयलरचे नाव घेऊ. २०२२-२३ साली देशात जे सुमारे ९७ लाख टन मांस तयार झाले, त्यात निम्म्याहून अधिक कोंबडीचे होते. पूर्वी कोंबा कापला जाई तो राखणदाराच्या मानाचा, किंवा जावई आला म्हणून. परसातली ती कोंबडी किडामुंगी आणि सांडलेले भात टिपून वाढे. तिच्यासाठी कोणी जमीन नांगरीत नसे. आजची कोंबडी बहुतांशी घाटापलीकडून येते आणि एक किलो वजन धरायला पावणेदोन ते दोन किलो खाद्य खाते. ते खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड. मराठवाड्यात आणि विदर्भात ज्या जमिनीवर पूर्वी ज्वारी, तूर, उडीद होत, तिथे आज मैलच्या मैल सोयाबीन दिसते. त्यातले तेल आपण खातो आणि पेंड कोंबडी खाते. शिवाय कोंबडीच्या आणि तळ्यांतल्या कोळंबीच्या खाद्यात मासळीची भुकटीही जाते. एक किलो भुकटीला चार-पाच किलो ताजी मासळी लागते. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर या भुकटीचे कारखाने आहेत आणि त्यांत जातात ती तारली, आणि पुरती वाढही न झालेली बारीक मासळी. गरिबाच्या ताटातले तारले अशा रीतीने श्रीमंताच्या ताटात कोळंबी होऊन येते. मासे महाग झाले म्हणून चिकन आणले, असे आमच्या बाजारात ऐकू येते. त्या म्हणण्यातली गंमत अशी की मासे महाग होण्याच्या कारणांत ते चिकनही थोडेसे आहे.

हे सर्व आम्ही कोरगावच्या एका वयोवृद्ध शेतकऱ्यापाशी बोलत होतो. खाजनात ज्यांची हयात गेली अशांपैकी ते एक. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुमी सोमारा नुस्तें खायनात, बरें. पूण मानशीचें दार कोणें धांपचें?”

हा प्रश्न समजण्यासाठी खाजन समजले पाहिजे. तेरेखोलच्या खाडीकडील सखल जमीन आमच्या पूर्वजांनी बांध घालून समुद्रापासून मिळवली. माती, गवत, लाकूड आणि जांभा दगड यांचे ते बांध. त्यांत ठिकठिकाणी पाण्याचे दार, ज्याला मानस म्हणतात. भरतीचे पाणी ढकलू लागले की लाकडी फळ्या आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. पावसाळ्यात आतले गोडे पाणी बाहेर जाते, जमिनीतला खार धुतला जातो आणि मग त्या अर्धवट खाऱ्या चिखलातही तग धरणारे कोरगूट पेरले जाते. उंच वाढणारे, मिश्यांचे, तांबूस दाण्याचे हे भात. उत्पन्न बेताचे, पण जिथे दुसरे कोणतेही बी जळून जाईल तिथे ते उभे राहते. गावाच्या आणि या भाताच्या नावातील साम्यावर आम्ही इमारत उभारीत नाही. परंतु कोरगावच्या माणसाला ते भात आपले वाटते, यात नवल नाही. भात कापल्यावर आतील पोयींत खाडीचे पाणी घेतात, त्याबरोबर शेवटे, काळुंद्रे, सुंगटे यांची पिले येतात, वाढतात. आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ती धरली जातात. त्या मासेमारीच्या हक्काची पावणी होते आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी, अशी मूळची व्यवस्था. एकाच जमिनीने भातही द्यावे आणि नुस्तेही, आणि एकाने दुसऱ्याची राखण करावी. शीतकडी हे आमचे अन्न जणू त्या जमिनीतूनच शिजून येई.

ही व्यवस्था बिघडते कुठे, ते वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नात आहे. पावणी घेणाऱ्याला भाताशी कर्तव्य नसते. अधिक मासळी आत यावी म्हणून तो भरतीच्या वेळीही दार उघडे ठेवतो. पाणी जोराने आत-बाहेर करू लागते, पोय खरवडली जाते, बांधाचा पाया सुटतो, आणि एके रात्री भगदाड पडून खारे पाणी शेतात पसरते. एकदा जमीन खारली की ती पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागतात, आणि तोवर तिथे कांदळ उगवते. गोव्यातील कित्येक खाजनांची हीच कथा आहे. कूळ कायद्यानंतर बांध राखण्याची सामायिक जबाबदारी कुळांच्या संघांवर आली. १९७५ साली त्यासाठी नियमही झाले. पण नियमाने बांधावर चिखल पडत नाही. पुढे कोळंबीच्या तळ्यांचे वारे आले. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरील अशा व्यापारी कोळंबी-शेतीस लगाम घालणारा निकाल दिला, तरी सुंगटाचा भाव काही कमी झाला नाही. आता तर मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झाला आहे. पेडण्यात हॉटेलांची रांग लागली आहे आणि प्रत्येक पाहुण्याला मोठे सुंगट हवे आहे.

म्हणून शेतकऱ्याचा प्रश्न आमच्या सगळ्या आकड्यांपेक्षा खोल गेला. आम्ही विचारत होतो, ‘काय खाऊ नये?’ त्यांनी विचारले, ‘जे खाता ते कोठून येते, आणि त्याचे दार कोणाच्या हाती आहे?’ खाजनातले काळुंद्र, दार वेळेवर मिटणाऱ्या मानशीतले, हे आम्हांस निर्दोष अन्न वाटते. तेच काळुंद्र, भरतीला उघड्या ठेवलेल्या दारातून आलेले, शेजाऱ्याचे भात खाऊन आलेले असते. ताटात दोन्ही सारखीच दिसतात.

तरी येथे एक जुना, हट्टी आक्षेप उभा राहतो. बाजारात मासा मेलेलाच पडलेला असतो. मी घेतला नाही तर दुसरा घेईल. माझ्या एकट्याच्या नकाराने ना मानशीचे दार मिटते, ना हवेतला मिथेन घटतो; मग माझ्यावर दोष कसला? हा आक्षेप आमच्या धर्मग्रंथांना अपरिचित नव्हता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वधाला अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा हे सगळे घातकच धरले आहेत. खरेदीची साखळी म्हणजे काय, हे त्या श्लोककाराला आमच्या अर्थशास्त्र्यांइतकेच समजत होते. बौद्धांच्या विनयात याहून सौम्य भूमिका आहे : जो प्राणी आपल्यासाठी मारल्याचे भिक्षूने पाहिले नाही, ऐकले नाही आणि ज्याविषयी त्याला तशी शंकाही नाही, त्याचे मांस त्याने भिक्षेत आल्यास घ्यावे. आमच्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंब्यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात या विषयाची चर्चा निर्भीडपणे केली आणि त्यापायी पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. स्वतः अत्यंत संयमी असलेला हा पुरुष १९४७ साली सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवता झाला. जिभेचे चोचले पुरविण्यासाठी त्याने ती चर्चा केली असे त्याचा शत्रूही म्हणणार नाही. बुद्धाचा नियम भिक्षेकऱ्यासाठी होता. भिक्षेकरी मागणी करीत नाही. पडेल ते घेतो. आम्ही मात्र पिशवी घेऊन बाजारात जातो, भाव विचारतो, ‘उद्या विसवण हाड’ म्हणून नुस्तेकान्नीला सांगून ठेवतो. ‘माझ्यासाठी मारला नाही’ ही सबब भिक्षापात्राला शोभते, पिशवीला नाही.

राहिला प्रश्न एकट्याच्या नगण्यतेचा. बांधाला भोक पाडतो तो खेकडा. एका खेकड्याचे भोक बोटाएवढे. त्याने बांध फुटत नाही, हे खरे. पण म्हणून खाजनाचा शेतकरी ते भोक बुजवल्यावाचून पुढे जात नाही. कोणते भोक शेवटचे ठरेल हे भरतीच्या आधी कोणालाच सांगता येत नाही, आणि प्रत्येक खेकडा ‘मी एकटाच’ असे म्हणण्यास तितकाच पात्र असतो. आमच्या पिशवीचीही गत याहून वेगळी नाही.

व्रत आणि हिशेब यांतील अंतर मात्र उरतेच. व्रत वारावर चालते, हिशेब बेरजेवर. श्रावण लागण्यापूर्वीच्या अमावास्येला देशावर जो धुमाकूळ चालतो, तो पाहता महिनाभराच्या संयमाची भरपाई आगाऊच करून घेतली जाते की काय अशी शंका येते. आमच्याकडेही चतुर्थीनंतरच्या बाजारात मासळीचा भाव पाहावा. देवाकडे कदाचित वाराचा हिशेब असेल. समुद्राकडे बेरजेचाच आहे. उलट, नुसत्या बेरजेवर माणसाचे मन फार दिवस टिकत नाही. २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या शाकाहारी मंडळीपुढे बोलताना गांधीजींनी हेच निदान केले होते : केवळ प्रकृतीसाठी शाकाहार धरणारे बहुधा तो सोडून देतात, त्याला नैतिक अधिष्ठान हवे. पृथ्वीसाठी शाकाहार धरणाऱ्यांनाही ते लागू पडेल असे आम्हांस वाटते. किलो आणि टक्के रोज सकाळी कोणाला आठवत नाहीत. सोमवार मात्र आठवतो.

आमच्या रूढीत व्रत आणि हिशेब एकमेकांना भेटल्याचे एक स्थळ आहे. पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याखेरीज होडी समुद्रात जात नसे. खवळलेल्या समुद्राची भीती हे त्याचे कारण. पण याच पावसाळी महिन्यांत पुष्कळशी मासळी अंडी घालते, त्यामुळे भीतीने समुद्राला विश्रांती मिळे. यंत्राच्या बोटींना भीती उरली नाही, तेव्हा कायदा आला. सत्तरीच्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध मोठा लढा दिला, १९८० साली गोव्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला, आणि आज १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. परंतु कायदा इंग्रजी तारखेने चालतो आणि रूढी तिथीने. २०२३ साली अधिक श्रावण आला, नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली. समुद्र कायद्याने महिनाभर आधीच उघडला होता. त्या महिन्यात पौर्णिमेची वाट पाहून थांबलेली होडी आणि श्रावण पाळणारे घर, ही दोघे नकळत एकाच कामाला लागली होती.

संपूर्ण निर्दोष अन्न आम्हांस कोठेही सापडलेले नाही. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच ऐकवतो : नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात ते पाहा. साचलेल्या पाण्यातील भातशेतीतूनही मिथेन निघतो, आणि भातावाचून तर आमचे पान हलत नाही. (खाऱ्या जमिनीतील गंधकयुक्त क्षारांमुळे तो वायू तुलनेने कमी तयार होतो, असे मृदाशास्त्र सांगते, कोरगुटाचा हा एक गुण आमच्या बाजूने नोंदवून ठेवतो.) तेव्हा ज्याच्या ताटात मासा आहे त्याला पापी म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही, आणि आमच्या समाजात जेवणावरून माणसाची प्रत ठरवण्याची जी जुनी खोड आहे, तिला या नव्या शास्त्राचा आधार मिळू देणे हे तर महापाप होईल. सकाळी डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरणारी नुस्तेकान्न आणि सहा महिने ताटात फक्त सुके बांगडे असणारे घर यांना शिवराकीचा उपदेश करायचा नाही. तो करायचा असेल तर लग्नाच्या मेजवान्या, हॉटेलांची मोठी सुंगटे आणि आमच्या सोमवारच्या पनीराला करावा.

त्या वृद्ध शेतकऱ्याच्या प्रश्नाला आमच्यापाशी अजून पुरते उत्तर नाही. मानशीचे दार ताटावरून मिटत नाही. त्याला कुळांच्या संघाची बैठक लागते, पावणीच्या करारात भरती-ओहोटीची अट लागते, आणि ती अट पाळली जाते की नाही हे रात्री जाऊन पाहणारा माणूस लागतो. आमच्या घरापुरते इतकेच झाले आहे : सोमवारचे पनीर बंद होऊन आळसांदे पुन्हा आले आहेत, कोंबडी महिन्यातून एकदा, आणि सुंगटे विकत घेताना ती कोणत्या मानशीची, हे विचारले जाते. पहिल्या खेपेस नुस्तेकान्न आमच्याकडे टकमक पाहत राहिली. मग म्हणाली, “कोणेंच केन्ना विचारूंक ना.” पुढच्या आठवड्यात तिने न विचारता सांगितले.